किंचित बदल करून

आज सकाळी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थिनीची अकरा पानांची फाइल मेलवर आली. माझ्या एका शोधनिबंधात मी जेमतेम सहा ओळींत उरकलेली कृती तिने अकरा पानांत लिहून काढली आहे आणि शीर्षकाखाली माझ्या नावापुढे 'किंचित बदल करून' असे शब्द घातले आहेत. हे शब्द मी स्वतः पंचवीस वर्षे इतरांच्या नावापुढे लिहीत आलो असल्यामुळे त्यांचा अर्थ मला चांगलाच ठाऊक आहे. मूळ माणसाच्या सांगण्याप्रमाणे करून काहीही हाती लागले नाही, पण बिचाऱ्याचे नाव तरी राहू द्यावे, असा तो अर्थ.

प्रकरण आंब्याच्या पानांतून डीएनए वेगळा करण्याचे आहे. आंब्याची पाने या कामात फार खट असतात. त्यांच्यात चीक, पिष्ट आणि तपकिरी पडणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये इतकी असतात, की डीएनएच्या पांढऱ्या धाग्यांऐवजी बहुतेकदा हाती जे येते ते शिळ्या भेंडीच्या भाजीसारखे तारा सुटणारे असते. माझ्या निबंधात मात्र पांढरे धागे आले होते, छायाचित्रासह आले होते, आणि कृती म्हणून मी लिहिले होते, की ताजी कोवळी पाने सकाळी तोडण्यात आली, द्रव नायट्रोजनमध्ये वाटण्यात आली, सीटॅबच्या (पेशींची आवरणे फोडणाऱ्या, साबणासारख्या रसायनाच्या) द्रावणात ६५ अंशांना ठेवण्यात आली, क्लोरोफॉर्म घालून हलक्या हाताने मिसळण्यात आली, मिनिटाला १०,००० फेऱ्यांना दहा मिनिटे फिरवण्यात आली, आणि पुढचे सर्व पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे.

या मुलीला तीन आठवडे भेंडीच मिळत होती. तिने मला चार मेल पाठवल्या. चारही वेळा मी 'पाने ताजी घ्यावीत' एवढेच कळवले, कारण मला दुसरे काही सुचले नाही. मग गेल्या मंगळवारी ती एसटीने सात तासांचा प्रवास करून आमच्या कोकणातल्या महाविद्यालयात हजर झाली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, तुम्ही फक्त करा, मी बघते."

माणसाने समोर बसून बघत राहावे आणि आपण काम करावे, यासारखी दुसरी फजिती नाही. त्यात खरी गोष्ट अशी होती, की ही कृती मी स्वतःच्या हाताने शेवटची कधी केली ते मला आठवत नव्हते. आमच्याकडे ती मामा करतात. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. एकतीस वर्षे नोकरी झालेली, खिशात किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर 'नवीन प्राचार्य आले काय, गेले काय' हा भाव. पाने तोडणे, वाटणे, नळ्या फिरवणे ही कामे केव्हा त्यांच्याकडे गेली ते कोणालाच कळले नाही. मी निबंध लिहीत होतो, ते धागे काढीत होते.

इथे व्याकरणाचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्याकरणातला आणि प्रयोगशाळेतला अशा दोन्हींना 'प्रयोग' म्हणणारी आपली भाषा किती शहाणी आहे, हे मला त्या दिवशी कळले. इंग्रजीत लिहा नाहीतर मराठीत, विज्ञानाचा सगळा कारभार कर्मणी चालतो. पाने तोडण्यात आली. कोणी तोडली, हे विचारण्याची रीत नाही. कर्ता लपवण्याची ही सोय आम्ही तटस्थपणाच्या नावाखाली वापरतो. मुलीने मात्र वही उघडून पहिलाच प्रश्न टाकला, "पाने तोडण्यात आली, ती कोणी तोडली?"

मामा खुर्ची ओढून बसले. एकतीस वर्षांत त्यांना कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"मी तोडली. कँटीनच्या मागच्या रायवळाची."

"सकाळी किती वाजता?"

"सकाळी कुठची? सकाळी मला झाडून काढायचं असतं, घंटा असते. आदल्या दिवशी साडेपाचला जाताना तोडून ठेवतो."

मी घसा साफ केला. मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने लिहिले.

"ठेवता म्हणजे कुठे?"

"कपाटात. ओल्या फडक्यात गुंडाळून. कुलूप लावतो, नाहीतर पोरं तोरणाला नेतात."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढता?"

"दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या. सर केव्हा आठवण करतील तेव्हा."

माझ्या निबंधातली 'ताजी' पाने अशा रीतीने चाळीस तास अंधारात काढलेली निघाली. आता यातली खोच अशी, की अंधारात ठेवलेल्या पानातले पिष्ट खर्च होत जाते आणि पिष्ट कमी झाले की चिकटाही कमी होतो. रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवून मग पाने घ्यावीत, हा या धंद्यातला जुना सल्ला आहे. तो मी वर्गात शिकवतोही. माझ्याच कपाटात तो अमलात येत होता आणि त्याचे कारण विज्ञान नसून तोरण होते.

"मामा, 'हलक्या हाताने' म्हणजे किती वेळा?"

मामांनी रिकामी नळी हातात घेतली आणि मनगट वळवून दाखवले. "सोलकढीची बाटली उलटीसुलटी करतो तशी. खळखळ हलवलीत तर फेस होतो, मग दोन थर वेगळे बसत नाहीत." मुलीने मोबाइलवर वेळ लावून मोजले. मिनिटाला अडतीस वेळा, पाच मिनिटे. पुन्हा मोजले. पुन्हा अडतीस. पगारी यंत्राने सुद्धा इतका नेम धरला नसता. ती म्हणाली, की तिच्याकडे हे काम हलवणाऱ्या यंत्रावर होते आणि ते यंत्र खळखळच हलवते.

मग सेंट्रिफ्यूजकडे, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राकडे, मोर्चा वळला. दहा मिनिटे फिरवण्यात आली, असे मी लिहिले आहे. आमच्या यंत्राचा टायमर बंद पडल्याला बरीच वर्षे झाली.

"मग दहा मिनिटं कशी मोजता?"

"चहा ठेवतो. उकळून, गाळून, सरांना देऊन आलो की बंद करतो."

चहा शेजारच्या भांडारखोलीत होतो, क्लोरोफॉर्मच्या जवळपास नाही, हे सुरक्षा समितीच्या माहितीसाठी नमूद करतो. मुलीने मामांना विनंती केली, की त्यांनी नेहमीप्रमाणे चहा करावा. चहा झाला. गाळला गेला. मला मिळाला. मामा परतून बटण दाबतात तोवर सतरा मिनिटे चाळीस सेकंद झाली होती. चहा उत्तम होता, पण मला तो गोड लागला नाही.

फेऱ्यांचाही हिशेब झाला. नुसत्या फेऱ्या सांगणे म्हणजे रिक्षावाल्याला 'पुढे घ्या' सांगण्यासारखे आहे. जोर ठरतो तो फेऱ्यांच्या वर्गावर आणि चकतीच्या त्रिज्येवर. आमची त्रिज्या ८ सेंटिमीटर, तिची ६. तेव्हा त्याच १०,००० फेऱ्यांना आमच्याकडे गुरुत्वाच्या सुमारे ८,९०० पट आणि तिच्याकडे ६,७०० पट. हा हिशेब प्रथम वर्षाच्या पुस्तकात आहे आणि निबंधात गुरुत्वाच्या पटीतच आकडा द्यावा हे मी विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. स्वतः लिहिताना मी यंत्रावरचा आकडा उतरवला होता.

पण तिच्या तीन आठवड्यांचा खरा वैरी निघाला तो वेगळाच, आणि तो मामांनाही ठाऊक नव्हता. जाता जाता तिने सहज सांगितले, की त्यांच्याकडचे यंत्र थंड करणारे आहे आणि ती सगळ्या नळ्या ४ अंशांवर फिरवते, कारण डीएनए जपायचा म्हटल्यावर कोणीही शहाणा माणूस तो थंडच ठेवील. सीटॅबला थंडी सोसत नाही. १५ अंशांच्या खाली तो द्रावणातून बाहेर पडू लागतो आणि डीएनएलाही बरोबर घेऊन बसतो. 'खोलीच्या तापमानाला फिरवावे' हे तीन शब्द मी लिहिले असते तर तिचे तीन आठवडे वाचले असते. मी ते का लिहिले नाहीत? कारण आमच्याकडे थंड करणारे यंत्रच नाही. जे आपल्याकडे नाही ते वगळायला सांगण्याचे आपल्या मनातही येत नाही. अनुदानाअभावी आमची कृती यशस्वी झाली होती, आणि अनुदान मिळालेल्या प्रयोगशाळेत ती मार खात होती.

त्या रात्री माझ्यासारखे आणखी किती आहेत, हे शोधत मी बसलो. स्वतःचे समाधान करून घेण्यासाठी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याइतका उत्तम उपाय नाही. अमेरिकेत बर्कली आणि बॉस्टन इथल्या दोन नामांकित प्रयोगशाळा स्तनाच्या ऊतीतल्या पेशी वेगळ्या करीत होत्या. ऊती तीच, पद्धत तीच, यंत्रे तीच, आणि निकाल जुळेनात. सगळे तपासून झाले, महिनोन्महिने गेले. शेवटी दोन्हीकडची माणसे एकाच ओट्याशी शेजारी शेजारी उभी राहिली तेव्हा दिसले, की एकजण ऊती जोराने ढवळतो आणि दुसरा तिला सावकाश डोलवतो. २०१४ साली त्यांनी हे प्रामाणिकपणे छापले. वाचताना मला वाटले, की यांच्याकडे मामा असते तर हे पहिल्या चहालाच कळले असते.

त्याहून मोठा दिलासा २०२१ सालचा. कर्करोगाच्या संशोधनातले १९३ प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक प्रकल्प होता. त्यांतल्या एकाही प्रयोगाची कृती केवळ छापील निबंध वाचून आखता आली नाही. एकशे त्र्याण्णवपैकी शून्य. प्रत्येक वेळी मूळ लेखकांना विचारावे लागले, आणि सुमारे एक-तृतीयांश लेखकांनी उत्तरच दिले नाही किंवा दिले ते उपयोगाचे नव्हते. मी निदान चार मेलना उत्तर दिले होते, 'पाने ताजी घ्यावीत' असे का होईना.

हे दुखणे जुने आहे. १६६० साली रॉबर्ट बॉइलने हवेच्या पंपावरचे प्रयोग छापले, ते न पाहिलेल्या माणसालाही डोळ्यांसमोर दिसावेत म्हणून मुद्दाम पाल्हाळ लावून. तरीही हॉलंडमध्ये हायगेन्स या शास्त्रज्ञाने केलेल्या पंपात हवा काढून घेतलेले पाणी नळीत लटकून राही, ते इंग्रजांच्या पंपात काही केल्या लटकेना. १६६३ साली तो स्वतः लंडनला आला तेव्हा ते लटकले. एसटी तेव्हा नव्हती, एवढाच फरक.

मात्र सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी मारला जातो आहे, हे मला मान्य नाही. माझ्या मूळ मसुद्यात कृती दीड पानाची होती. नियतकालिकाने ती 'संक्षिप्त करावी' म्हणून परत पाठवली. अनुदान देणाऱ्यांचे आभार संक्षिप्त करायला कोणी सांगितले नाही. मग मी 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे' हा हुकमी एक्का काढला. हे पूर्वीचे वर्णन पाहायला जावे तर तिथेही पूर्वी वर्णन केल्याप्रमाणेच असते, आणि अशा पायऱ्या उतरत उतरत माणूस डॉयल दांपत्याच्या या पद्धतीवरच्या १९८७ सालच्या पाचपानी टिपणापाशी पोचतो. आमच्यापैकी कितीजणांनी ते टिपण डोळ्यांनी पाहिले आहे, हे विचारू नये. मी निबंध छापल्यानंतर पाहिले. आणि पदोन्नतीच्या अर्जात निबंध किती, परिषदा किती, पुस्तके किती, असे रकाने आहेत. 'माझी कृती वाचून दुसऱ्या कोणाला ती जमली काय' असा रकाना नाही. पाच ओळी जास्त लिहून मला गुण मिळणार नव्हते. हे मी त्या मुलीला बोलूनही दाखवले. ती "हो सर" म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिले.

गुरुवारी तिने स्वतः सगळे केले. मामांनी फक्त कपाट उघडून दिले. डीएनए द्रावणाबाहेर काढणारे गार आयसोप्रोपेनॉल नळीच्या कडेने सोडल्यावर दोन द्रवांच्या सीमेवर आधी धुके जमले आणि मग नळी सावकाश उलटी करताच पिंजलेल्या कापसासारखा एक पांढरा झुबका वर तरंगत आला. मुलीने श्वास रोखला होता. तिने काचेच्या आकड्याने तो अलगद उचलला. मामांनी मान तिरपी करून पाहिले आणि म्हणाले, "सरांच्या फोटोतल्यापेक्षा चांगला आहे."

आता ही अकरा पाने. तिसऱ्या पानावर रायवळाचे झाड, त्याची दिशा आणि पानांची लांबी आहे. पाचव्या पानावर ओल्या फडक्याचे माप. सातव्यावर अडतीस वेळा. नवव्यावर ठळक अक्षरांत 'थंड यंत्र वापरू नये'. चहाचा उल्लेख तिने सभ्यपणे टाळला आहे, सतरा मिनिटे चाळीस सेकंद तेवढी ठेवली आहेत. आभारांत पहिले नाव मामांचे आहे, दुसरे माझे, आणि मामांचे संपूर्ण नाव व पदनाम कळवावे अशी विनंती आहे. एकतीस वर्षांत मला मामांचे आडनाव माहीत करून घ्यावेसे वाटले नव्हते, ते कार्यालयातून विचारून आणावे लागले.

शेवटी पिवळ्या रंगात एक शंका आहे: 'कपाटाच्या आतले तापमान किती असते? आणि दाराच्या फटीतून प्रकाश येतो का?' मी थर्मामीटर घेऊन तडक भांडारखोलीत गेलो. कपाटाला कुलूप होते. किल्ली मामांकडे असते, आणि मामा सोमवारपर्यंत रजेवर आहेत.