फिरंग्याचा सोमवार

रात्री साडेअकराला वाजणारा फोन एकतर वाईट बातमीचा असतो, नाहीतर परदेशातल्या भाच्याचा. हा दुसऱ्या प्रकारचा होता. निदान तेव्हा तसं वाटलं.

"मामा, झोपलायस का?"

"हो."

"बरं, मग ऐक."

लिस्बनमध्ये तेव्हा संध्याकाळ असते. पोरगं ऑफिसातून घरी निघालेलं, ताजंतवानं. त्याचे पोर्तुगीज मॅनेजर पुण्याच्या ऑफिसात येणार होते आणि त्याआधी मुंबईत त्यांना एक दिवस मोकळा होता, सोमवार. "तू फिरव ना त्यांना. तू काय, मुंबई कोळून प्यायलायस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे."

खरं सांगायचं तर माझी मुंबई म्हणजे प्रभादेवी ते फोर्ट, तीही बसच्या खिडकीतून. राजाबाई टॉवर मी रोज पाहतो तो उशीर झालाय का हे कळावं म्हणून. घारापुरीला चौथीच्या सहलीत गेलो होतो आणि तिथलं मला एकच आठवतं, एका माकडाने माझ्या डब्यातली पोळीभाजी नेली होती. पण भाचा 'कोळून प्यायलायस' म्हणतो तेव्हा मामाने काय म्हणायचं असतं?

दुसऱ्या दिवशी सूचना आल्या. साहेबांना अस्सल स्ट्रीट फूड हवंय. मात्र बर्फ नको, गोळा नको, उसाचा रस नको, कापलेली फळं नकोत, पाणीपुरीकडे तर बघूही देऊ नकोस. थोडक्यात, सोवळं न मोडता विरार लोकलने प्रवास घडव.

मी भाबडेपणाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की पाहुण्याला वडापाव कुठला खिलवावा. ही चूक पुन्हा करणार नाही. मेहुण्याने ठाण्याचं कुंजविहार लिहिलं. मामेभावाने कर्जत स्टेशनचा वडा लिहिला, जणू साहेब पुण्याला जाता जाता डब्याच्या खिडकीतून हात बाहेर काढणार होते. साडूने लिहिलं की दादरनंतर वडापाव संपतो, पुढे नुसता बटाटा असतो. त्यावर ठाणेकर उखडले आणि दीड तासात विषय वड्यावरून कोणीतरी कोणाच्या मुंजीला आलं नव्हतं तिथपर्यंत पोचला.

सोमवारी सकाळी मी साहेबांना कुलाब्याच्या हॉटेलातून उचललं. उंच, टक्कल, डोळ्यांत कायमचं हसू. गेटवेसमोर उभा राहून मी आदल्या रात्री पाठ केलेलं म्हणायला लागलो. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले, त्या आगमनाची ही कमान. साहेबांनी विचारलं, म्हणजे ते या दारातून आत आले? मला नाही म्हणावं लागलं. राजाला दाखवायला पुठ्ठ्याचा नमुना उभा केला होता. पायाचा दगड बसला १९१३ला आणि बांधकाम पुरं झालं १९२४ला. साहेबांना हे विलक्षण वाटलं. मला त्यात काही वावगं वाटेना. सॅम्पल फ्लॅट दाखवायचा आणि ताबा तेरा वर्षांनी द्यायचा, ही पद्धत आमच्या शहरात अजून चालू आहे.

"हे शहर आधी आमचं होतं," साहेब म्हणाले. अगदी नम्रपणे, जसं कोणी म्हणतं की या घरात आधी आम्ही भाड्याने राहायचो.

"होतं," मी म्हणालो, "पण तुम्ही ते हुंड्यात दिलंत."

हेही पाठ केलेलंच होतं. १६६१ साली तुमच्या राजकन्या कॅथरीनचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि हुंड्यात मुंबई गेली. जावयाला तिचं काय करावं कळेना, त्याने १६६८ला ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दहा पौंडांत आज आमच्या सोसायटीत महिनाभर स्कूटर लावता येत नाही. साहेब खूप हसले. मला वाटलं, पहिली फेरी आपण मारली.

लाँचच्या तिकीट खिडकीवर माझा चेहरा पडला.

"घारापुरी? आज सोमवार, साहेब. लेणी बंद."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी," तो म्हणाला आणि मी मुंबईचाच का, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं मी या शहरात राहतोय, आणि दर सोमवारी ते समोरचं बेट मला न विचारता बंद होत होतं.

पण मुंबईकर अडचणीत आला की त्याला शॉर्टकट सुचतो. "लेणी राहू द्या," मी म्हणालो, "मी तुम्हाला तो हत्तीच दाखवतो." ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो बेटावर नाहीच. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा म्हणून इंग्रजांनी उचलायला घेतला, यारी दगा देऊन गेली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते जोडून आता तो भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. लहानपणी आम्ही त्याच्यावर चढून फोटो काढायला बघायचो आणि रखवालदार काठी आपटायचा. तो कोण, कुठला, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

साहेब त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. सांधे दिसत होते. "आमच्या लोकांनी पाहिला तो हाच," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाल्यासारखा वाटला म्हणून मी घाईघाईने त्यांना पेंग्विन दाखवायला नेलं. तिथे एसी असतो. लिस्बनहून आलेला माणूस भायखळ्यात शाळेच्या पोरांच्या रांगेत उभा राहून पेंग्विन बघतोय, हा फोटो मी भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मामा???" तीन प्रश्नचिन्हं.

दादरला जायला टॅक्सी केली. ड्रायव्हरने कुठे सोडू विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "पोर्तुगीज चर्च." मागून साहेब सीटवरून पुढे आले. काय म्हणालात?

चाळीस वर्षं मी लोकांना पत्ता सांगतोय, पोर्तुगीज चर्चवरून पुढे या, पोर्तुगीज चर्चला उतरा. ते पोर्तुगीज का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. आमच्यासाठी तो बसस्टॉप. आता मला फोनवर वाचून सांगावं लागलं की इथलं चर्च १५९६चं, पण आत्ताची इमारत चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात बांधलेली. साहेबांना जुने दगड, मेणबत्त्या असं काही अपेक्षित असावं. समोर आलं ते काँक्रीटचं, मोठ्या शंखांसारखी छपरं असलेलं काहीतरी. ते भोवती फिरले, वर बघितलं, म्हणाले, "सुंदर आहे." मीही वर बघितलं. पहिल्यांदा.

आणि मग वडापाव. साडू जिंकला. कीर्ती कॉलेजच्या गल्लीत गर्दीत घुसलो. कढईत वडे तरंगत होते. बाजूला बेसनाच्या थेंबांचा कुरकुरीत चुरा ढिगाने पडला होता. तो माणूस पाव हातात घ्यायचा, अंगठ्याने त्याचं पोट उघडायचा, हिरवी चटणी फासायचा, लसणाची लाल चटणी चिमटीने भुरभुरवायचा, वडा ठेवून तळहाताने असा दाबायचा की वडा फुटेल पण पाव नाही, वर मूठभर चुरा, शेजारी तळून मीठ लावलेली मिरची, आणि कागदासकट पुढे. सगळं मिळून चार श्वास. मी शर्टाची बटणं सरळ केली. हा माझा प्रांत होता.

"हे अस्सल आमचं," मी म्हणालो. "१९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केलं असं सांगतात. गिरणीतले कामगार यावर शिफ्ट काढायचे. जगात दुसरीकडे कुठेही नाही."

साहेबांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. मग कागद उलगडून आत बघितलं.

"आत काय आहे?"

"बटाटा."

"बतात!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की झारावाला थांबला. "आम्हीही हेच म्हणतो! हा आमचा शब्द आहे! आणि हा ब्रेड?"

"पाव," मी जरा बारीक आवाजात म्हणालो.

"पाउं! हाही आमचा!" त्यांनी मिरची उचलली. माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. मिरचीही यांच्याच जहाजांतून आली हे मला माहीत होतं, पण ते यांना मी का सांगावं? त्यांनाही माहीत होतंच. त्यांनी ती देठापर्यंत चावून खाल्ली, शांतपणे. नाइलाजाने मीही माझी खाल्ली आणि मला उचकी लागली.

उचक्या देत देत मी मनात हिशोब मांडला. पाव गेला, बटाटा गेला, मिरची गेली. आमच्याकडे राहिलं बेसन, हळद आणि लसूण. एवढ्यावर पिठलं होतं, वडापाव नाही. आणि पिठलंसुद्धा बिनमिरचीचं. पावभाजी खिलवायचा माझा बेत होता, तो मी तिथल्या तिथे रद्द केला. टोमॅटो, सिमला मिरची, बटाटा, पाव. त्या तव्यावर आमचं म्हणायला कांदा, लोणी आणि लिंबू उरलं असतं. साहेबांनी बिल दिलं तेव्हा मला उगाच वाटलं की आपणच त्यांच्याकडून उधार घेतलेलं त्यांना विकतोय.

घरी जाणं सुरक्षित. घरी आईचा सोमवारचा उपास होता, म्हणजे जे काही असेल ते तरी चोख, पिढ्यान्‌पिढ्यांचं. साहेब दारात आले, हळदीने पिवळी झालेली बोटं दाखवून काहीतरी पुटपुटले. त्यात "सबाउं" असा शब्द होता. आई आत गेली आणि साबण घेऊन आली.

"ह्येका मराठी येता रे!" ती मला म्हणाली. आई मालवणची. तिथून पुढे दोन तास ती साहेबांशी मालवणीतच बोलली आणि साहेब प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. माझ्या इंग्रजीपेक्षा त्यांचं जास्त जमलं.

बायकोने ताटलीत साबुदाण्याची खिचडी आणली. साहेबांनी विचारलं, हे काय. मी अभिमानाने सांगितलं की हे आमचं उपासाचं, धार्मिक, यात वाटेल ते चालत नाही. आणि बोलता बोलताच माझी जीभ जड झाली. साबुदाणा सालेमहून येतो खरा, पण ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा. हिरवी मिरची तिकडची. देवासमोर आम्ही जिरं आणि तूप एवढ्याच जिवावर उपास करत होतो. साहेब एकेक जिन्नस चमच्याने बाजूला काढून ओळखत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

माझं तोंड बायकोने वाचलं. ती नाशिकची. तिने पाण्याचा पेला ठेवला आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या इंग्रजीत म्हणाली, "आमच्या नाशकात गोदावरीकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. तिथे एक मोठी घंटा आहे. तिच्यावर १७२१ साल कोरलंय. ती तुमची आहे. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हाची."

घरात शांतता पसरली. मला भाच्याचं अप्रेझल दिसायला लागलं.

साहेबांनी खिचडीचा घास संपवला. "अजून वाजते?"

"वाजते की. पूर्वी लांबपर्यंत ऐकू यायची म्हणे."

"मग राहू दे," साहेब म्हणाले आणि ताटली पुढे केली. आईने न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

निघताना त्यांनी पिशवीतून भेट काढली. चपटा, रंगीत डबा, वर माशाचं चित्र. लिस्बनची सार्डिन, तेलातली. तिथे म्हणे पाहुणा जाताना हेच घेऊन जातो. सोमवारी, उपासाच्या घरात, माझ्या आईच्या हातात. मी डोळे मिटले.

आईने डबा चष्म्याजवळ नेला. चित्र निरखलं.

"ह्ये तर तारले!" ती म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदाच आमच्या बाजूने कोणीतरी जिंकलं. "आमच्यानी अख्खी जिनगी खाल्ले. ह्येंका सांग, आमच्याकडे डब्यात घालूक लागनत नाय."

मी ते भाषांतर केलं नाही.

रात्री साडेअकराला फोन वाजला. "मामा, साहेब फार खूश आहेत. पण त्यांच्या पोटाला काही झालं नाही ना?"

"त्यांच्या पोटाला काय होणार," मी म्हणालो, "दिवसभर घरचंच खाल्लं त्यांनी."

डबा आईने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. मंगळवार गणपतीचा, म्हणून मंगळवारही गेला. बुधवारी सकाळी तिने तो फोडला, तेल निथळून काढलं, आणि तिरफळं, कोकम घालून त्या लिस्बनकरांचं तिखलं केलं. वाटणात पाच मिरच्या होत्या. त्या कोणाच्या, हा विषय मी काढला नाही.