आमच्याकडे पाणी वरून येतं

धुळ्यात नवीन ओळख झाली की नाव-गावानंतर लगेच येणारा प्रश्न म्हणजे, "तुमच्याकडे नळ कितव्या दिवशी?" कोणी तिसऱ्या म्हणतं, कोणी सहाव्या, कोणी नुसतंच आभाळाकडे बघतं. मी देवपुरात भाड्याने राहते आणि मी खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस हेव्याने बघायला लागतो. आमच्याकडे पाणी रोज येतं. सकाळी सहा ते साडेआठ, दुपारी थोडं, आणि रात्री वरच्या जिजींची भांडी झाली की पुन्हा. फक्त ते नळाला येत नाही, पॅसेजच्या छताला येतं.

पात्रपरिचय आधी करून देते, कारण या प्रकरणात पाण्यापेक्षा माणसंच जास्त मुरलेली आहेत. आमचे घरमालक नाना सुरतेला असतात. खानदेशातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी सुरतेला असतंच. उधना-लिंबायतकडे तर मराठीवर आख्खा संसार निभतो. नानांनी तिकडे कमावलं आणि इथे फ्लॅट घेतला, म्हातारपणी येऊन राहायला. अजून त्यांना म्हातारपण आलेलं नाही, म्हणून आम्ही आहोत. आमच्या डोक्यावर आप्पा आणि जिजी राहतात. तेही भाडेकरू. त्यांचा मालक नाशिकला. म्हणजे गळणाऱ्याचा मालक नाशिकला, भिजणाऱ्याचा मालक सुरतेला, आणि घंघाळ मात्र धुळ्यात.

घंघाळ माझ्या सासूबाईंचं, सोनगीरच्या तांबटांकडून घेतलेलं, चांगलं जाड पितळेचं. सुरुवातीला मी छताखाली प्लॅस्टिकची बादली ठेवली होती, पण ती लगेच भरायची. घंघाळाची ऐपत मोठी, आवाजही मोठा. रात्री दीड वाजता त्यात थेंब पडला की नवरा उठून बसायचा. त्याने तळाशी जुनी बनियन घालून पाहिली. मग थेंबाचा आवाज बंद झाला, आणि "तो पडतोय की थांबलाय" या काळजीने मी उठून बसायला लागले.

वर जाऊन सांगणं हा पहिला उपाय. तो मी मनापासून केला, अगदी पदर खोचून. पण खानदेशातल्या माणसाच्या घरी भांडायला जाणं अवघड असतं, कारण दार उघडल्यावर पहिलं वाक्य "ये माय, बस" असं येतं आणि दुसऱ्या वाक्याला चहा. जिजींनी मला गच्चीवर वाळलेले ज्वारीचे बिबडे तळून दिले. मी ते खाल्ले. खाऊन झाल्यावर विषय काढला. जिजींनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

"आमनी मोरीमा पानीच नही, ते गळी काय?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. नळ आठवड्याने येतो, जिजी तांब्याने मोजून आंघोळ करतात, मग गळायला पाणी उरतंच कुठे? मी निरुत्तर होऊन खाली आले. येताना हातात बिबड्यांची पिशवी होती. पुढे प्रत्येक वेळी असंच झालं. तक्रार घेऊन वर जायचं आणि काहीतरी खाण्याचं घेऊन खाली यायचं. आमच्या डब्यांत उडदाचे पापड, कुरडया, शेवया अशी वर्षभराची बेगमी झाली. छत मात्र तसंच.

नानांना फोन केला. नाना गोड माणूस. "ताई, तुमचंच घर आहे असं समजा," म्हणाले. ही सूचना फक्त खर्चाच्या वेळी येते. भाडं वाढवताना घर त्यांचं असतं. "तुम्ही वरच्यांना सांगा, ते त्यांच्या मालकाला सांगतील, तो मला फोन करेल, मग मी बघतो." एवढा लांबचा प्रवास करून ती तक्रार सुरतेला पोहोचेपर्यंत आम्ही पोहायला शिकलो असतो.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे कायदा वाचायची खोड आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. फक्त ही कपात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शावर जाता कामा नये. वाचून मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला झोपेतून उठवून ऐकवलं. त्याने डोळे न उघडता कपाटाकडे बोट दाखवलं. करारनामा काढला. वर ठळक अक्षरांत 'लीव्ह अँड लायसन्स', अकरा महिने. म्हणजे कायद्याच्या नजरेत मी भाडेकरूच नाही. मला तिथे राहायची फक्त परवानगी आहे, आणि त्या परवानगीत गळणं धरलेलं असावं. "झोप आता," नवरा म्हणाला. घंघाळात टण्ण झालं.

नाशिकचे मालक नानांच्या मानाने स्पष्टवक्ते. "पाणी कुठे दिसतंय? तुमच्या छताला ना? मग छत तुमचं." मी म्हटलं, साहेब, आमचं छत म्हणजे तुमची फरशी. ते म्हणाले, "फरशी कोरडी आहे, मी आप्पांना विचारलंय." एका स्लॅबला वरची बाजू असते आणि खालची असते हे भौतिकशास्त्र नाशिकला वेगळं शिकवतात का कोण जाणे.

राहिली बिल्डिंग. आमच्या इमारतीची सोसायटी अजून रीतसर झालेली नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेला आहे. ग्रुपचे अ‍ॅडमिन अण्णा आमच्याच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून राहतात. मी छताचे फोटो टाकले: फुगलेला रंग, पोपडे, भिंतीला लागलेला पांढरा लोणा. अण्णांनी उत्तर लिहिलं, "हा दोन फ्लॅटचा आपसातला विषय आहे, ग्रुपवर नको." खाली पाच जणांनी अंगठे दिले. त्यानंतर लगेच अण्णांनी सुप्रभातचं गुलाबाचं चित्र टाकलं, त्यावर दव होतं.

मला खरं तर आमच्या भागाचंच नवल वाटतं. याच धुळे जिल्ह्यात पांझरेवर दगडी बंधारे बांधून शेतकरी शेकडो वर्षं फड पद्धतीने पाणी वाटून घेत आले. पाटकरी पाणी सोडणार, हवालदार लक्ष ठेवणार, जागल्या राखण करणार. पंप नाही, मीटर नाही, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच. विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत लागले तेव्हा सुरुवातीलाच इकडे आले, आणि साक्रीकडच्या दातर्तीला पाइपचं सायफन बांधलं. पुढे त्यांनी कालव्याच्या पाण्याची ब्लॉक पद्धत बसवली. आख्ख्या नदीचं पाणी कोणाच्या वाफ्यात किती जायचं हे ज्या जिल्ह्यात ठरत होतं, तिथे आता एका मोरीचं पाणी कोणाचं, हे ठरत नाही.

शेवटी प्लंबर मीच बोलावला. तो आला त्या दिवशी नळाची तारीख उलटून चार दिवस झालेले, टाकीने तळ गाठलेला, वरच्यांचा पाण्याचा वापर जपूनजपून. छत ठणठणीत कोरडं. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला सांगितल्यावर तोंड मिटून बसणाऱ्या पोरासारखं ते वर चिकटून राहिलं. प्लंबरने हात फिरवला, वास घेतला, म्हणाला, "मॅडम, लिकेज चालू असलं तेव्हा बोलवा." मी म्हटलं, चालू असतं तेव्हा तुम्ही नळ आलेल्या भागात असता. "ते बी खरं आहे," असं म्हणून त्याने येण्याचे पैसे घेतले.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. जिजींना लेकी तीन, नातवंडं मोजायची सोय नाही. योगायोगाने आदल्याच दिवशी नळ आला होता. वर पितरांसाठी घागर भरली गेली, आंब्याचा रस झाला, सांजोऱ्या झाल्या, आणि या सगळ्यांनी एकामागोमाग एक आंघोळी केल्या. धुळ्यात तेव्हा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. प्रत्येकाने दोनदा केल्या असणार. वर पितर तृप्त झाले आणि खाली आम्हीही न्हालो. घंघाळ पुरेना, परात लावली, परातीच्या शेजारी पातेलं. पॅसेजमधला दिवा आम्ही आधीच काढून ठेवला होता, म्हणून नवरा बॅटरी डोक्याला बांधून हिंडत होता. मी प्लंबरला फोन लावला आणि फोन सरळ छताकडे धरला. "ऐका," म्हटलं.

तो आला. आवाजाचा परिणाम असेल किंवा वरून आलेल्या सांजोऱ्यांचा. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला पहिल्यांदाच वाटलं की कोणीतरी माझ्या बाजूने बोलतंय. दिवसरात्र सारखं गळत असेल तर प्रेशरची लाइन फुटलेली असते. वापर झाला की मगच गळत असेल तर सांडपाण्याकडचं दुखणं. नहाणी ट्रॅपच्या कडेने नाहीतर फरशीच्या सांध्यांतून पाणी खाली उतरतं. मोरीखालचा स्लॅब खोलगट असतो, त्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा केलेला. पाणी त्या भरावात साठतं आणि मग जिथे वाट मिळेल तिथे निघतं. "म्हणजे मोरी आज कोरडी असली तरी खाली गेल्या आठवड्याचं पाणी गळू शकतं." जिजींच्या युक्तिवादाला अखेर उत्तर सापडलं. मी ते ऐकवायला त्याला हाताला धरून वर नेलं.

खात्री करायची पद्धत सोपी होती. जाळीत बोळा कोंबायचा, मोरीत चार बोटं पाणी भरायचं, रंग टाकायचा आणि एक दिवस तसंच ठेवायचं.

"इतलं पानी वाया घालानं? पाप लागी वं माय!" जिजी हादरल्या. त्यांचं चुकत नव्हतं. या गावात पाणी अडवून त्यात रंग टाकणं म्हणजे देवाला डिवचणं. बऱ्याच चर्चेनंतर तडजोड निघाली. लेकींच्या गोधड्या धुतलेलं पाणी टिपाडात साठवलेलं होतं, तेच वापरायचं. रंग म्हणून नातवाने धुळवडीची उरलेली पुडी आणून दिली. चांगला भडक गुलाबी. पोरांनी तो पुडीभर टाकला, प्लंबरने चिमूटभर सांगितला होता.

रात्रभर मी घंघाळाकडे टक लावून बसले. सकाळी तळाशी जेमतेम फिकट गुलाबी पाणी. पुरावा होता, पण कोर्टात टिकेल असा नव्हता. मी खट्टू होऊन चहा ठेवला. तेवढ्यात भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला. तो आवाज मी याआधी फक्त भारत-पाकिस्तान सामन्यात ऐकला होता.

अण्णांनी दिवाळीत हॉलला पीओपीचं छत करून घेतलं होतं, कडेने लपवलेले दिवे, मधोमध कमळ. वरचं पाणी बहुतेक कितीतरी दिवस त्या कमळाच्या मागे गुपचूप मुरत होतं. पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसणार? आता कमळ गुलाबी झालं होतं. अगदी खऱ्यासारखं. मी तसं बोलूनही दाखवलं, अण्णांना आवडलं नाही.

आणि मग काय सांगू! सकाळी नऊ वाजता ग्रुपवर संदेश पडला: "इमारतीच्या सुरक्षेचा गंभीर प्रश्न. सर्वांनी संध्याकाळी हजर राहावे." आपसातला विषय एका रात्रीत सर्वांचा झाला. अण्णांनी नाशिकला फोन लावला, सुरतेला लावला, दोघांना एकाच कॉलवर घेतलं आणि मध्ये बोलायला सोडलं नाही. स्लॅबला दोन बाजू असतात हे नाशिकच्या साहेबांना पाच मिनिटांत पटलं. मला इतके महिने जमलं नव्हतं, कारण माझ्या छताला कमळ नव्हतं.

काम झालं. जुनी फरशी फोडली, भराव उपसला, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, वर पुन्हा पाणी उभं करून पाहिलं. खर्चाचं नाशिक आणि सुरत यांच्यात अजून चालू आहे, मी त्यात पडत नाही.

मोरी फोडलेली होती तोवर आप्पा-जिजी आंघोळीला आमच्याकडे यायचे. बरोबर स्वतःची भरलेली बादली आणायचे, आमच्या पाण्याला हात लावला नाही. आप्पा निघताना एकदा छताकडे पाहून म्हणाले, "बराच त्रास होता की तुम्हाले. आधी सांगानं ना!"

मी जिजींकडे पाहिलं. जिजी बिबड्यांच्या डब्याकडे पाहत होत्या.

छत वाळल्यावर नानांना फोन केला, रंगाचं काय करायचं म्हणून. नानांनी आधी आवंढा गिळला. रंगकाम वापरात मोडतं, म्हणाले, शिवाय तुम्ही आलात तेव्हा छत पांढरंशुभ्र होतं, डाग तुमच्या काळातले आहेत, डिपॉझिटचा हिशेब करताना ते बघावं लागेल. मी तारखेवार फोटो पाठवायला लागले, तेव्हा जरा नरमले. "बरं ताई, असं करू. मजुरी तुमची, डबा माझा. रंग कोणता ते तुम्हीच सांगा, तुमचंच घर आहे."

मी गुलाबी सांगितला. डबा छोटाच पुरेल, निम्मं काम झालेलं आहे.