फ्लेमिंगोंची साक्ष चालणार नाही

हिवाळा लागला की भांडुपच्या आमच्या जुन्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबी फोटोंचा पूर येतो आणि पाठोपाठ भांडणंही. एका गटाचं म्हणणं, एवढे फ्लेमिंगो येतात म्हणजे ठाणे खाडी सुधारली. 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता, काय उगाच मिळाला? दुसरा गट पूल आणि टॉवरांच्या नावाने खडे फोडतो. स्टॉकहोमला बसून मी दोन्ही वाचते. मला विचाराल तर साक्षीदारच चुकीचा निवडलाय.

फ्लेमिंगो शेवाळ आणि बारीकसारीक जीव गाळून खातो. सांडपाण्यावर शेवाळ माजलं की त्याची चंगळच. विष साठतं ते अन्नसाखळीच्या वरच्या पायऱ्यांवर. टीव्हीचं कवच, सोफ्याचा फोम लवकर पेटू नये म्हणून त्यांत ब्रोमीनची रसायनं घालत. पीबीडीई हे त्यांतलं गाजलेलं घराणं. ती प्लॅस्टिकमध्ये नुसती मिसळलेली असतात, घट्ट बांधलेली नसतात. त्यामुळे धुळीबरोबर सुटतात, पाण्यात विरघळत नाहीत आणि चरबीत जाऊन बसतात. चिखलातल्या किड्यांतून निवटी या चिखलातच राहणाऱ्या माशात, निवटीतून बगळ्यात. खाणारा आयुष्यभर खातो, पण आत गेलेलं फारसं बाहेर पडत नाही. म्हणून विचारायचं तर घारीला, डॉल्फिनला विचारा. आणि हो, ताटात बोंबील घेऊन बसलेल्या आपल्यालाही.

स्वीडनमध्ये हे उमगलं ते जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळे. 1981 मध्ये कापड गिरण्यांच्या परिसरातल्या व्हिस्कान नदीतल्या माशांत ही रसायनं सापडली होती. पुढे बाल्टिकमधल्या गिलेमॉट या समुद्रपक्ष्याची वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेली अंडी तपासली, तेव्हा पूर्ण आलेख हाती आला: 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चढ, मग उतार. साठवलेल्या आईच्या दुधाचे नमुने काढले तर 1972 ते 1997 दरम्यान प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेलं! तेव्हा कुठे लोक हादरले. 2004 मध्ये युरोपात यांतल्या दोन मिश्रणांवर बंदी आली.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. बाल्टिकमधला हेरिंग मुलांनी आणि तरुण बायकांनी वर्षातून दोन-तीनदाच खावा, असा सरकारी सल्ला आजही आहे. त्याला कारण डायॉक्सिन आणि पीसीबी, म्हणजे याच रसायनांचे चुलतभाऊ. शिवाय श्रीमंत देशांचा ई-कचरा ‘सेकंडहँड’ म्हणून आपल्याकडे येत राहिला, हेही विसरता येत नाही.

ग्रुपवर एक काका चिडून म्हणाले, ‘‘इथे इमारती जळतायत आणि तुला घारींची पडलीय!’’ त्यांचा राग खोटा नाही. 2017 मध्ये कमला मिल्सच्या आगीत 14 जण गेले. पण सुटकेच्या वाटा अडवून ठेवायच्या आणि भरवसा सोफ्याच्या फोमवर ठेवायचा, ही कुठली सुरक्षा? आग रोखायला मोकळे जिने आणि चालू स्थितीतले पंप लागतात.

कायदा आपल्याकडेही आहे. 2018 च्या नियमांनी यांतल्या काही रसायनांवर बंदी आली. नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीईची मर्यादा 0.1 टक्का आहे. पण माळ्यावरचा जुना टीव्ही अजून भंगारात जायचाय. कुर्ला, साकीनाक्याच्या गाळ्यांत तो फुटणार, उरलंसुरलं जाळलं जाणार आणि पहिल्या पावसात राख नाल्यातून समुद्रात.

म्हणून माझं मागणं साधं आहे: दरवर्षी नमुने घ्या आणि गोठवून ठेवा. आज तपासायला पैसे नसतील तर दहा वर्षांनी तपासा. जुने नमुने जपण्याची बीएनएचएसची (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची) परंपरा तर शंभर वर्षांहून जुनी आहे. घारीच्या न उबलेल्या अंड्यांसाठी वनखात्याची परवानगी लागेल, त्यात वेळ जाईल. तोवर भाऊच्या धक्क्यावरचे बोंबील आणि खाडीतल्या निवट्या फ्रीजरमध्ये टाकायला कोणाची हरकत नसावी.