तो ‘पीडीएफ पाठवा, मराठी वाचवा’वाला फॉरवर्ड

ऐरोलीच्या मावशीने परवा रात्री एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला आणि त्याच्यामागे पीडीएफची रांगच लावली. रणजित देसाई, वपु, शिवाजी सावंत, पुलं, आणि वर अगदी अलीकडे आलेली दोन पुस्तकं, ज्यांचे लेखक चांगले हयात आहेत. खाली मेसेज, ‘तुझ्या कामाचं आहे गं, सोसायटीच्या ग्रुपवर पण टाक.’ एरवी असलं काही मी न उघडता उडवते, पण मावशी रिटायर्ड शिक्षिका आहे, तिचं ऐकणारे खूप आहेत, म्हणून लिहितेय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: गेल्या 25 वर्षांत मराठीत वाचण्यासारखं काही आलेलंच नाही, ऑडिओबुक ऐकणारे वाचक नव्हेत, ओटीटीने वाचन संपवलं, ठाण्यात-मुंबईत वाचनालयं उरली नाहीत, म्हणून जुनी चांगली पुस्तकं पीडीएफ करून घरोघरी पोचवा. आणि त्यात बेकायदा काही नाही, कारण लेखक वारला की पुस्तक समाजाचं होतं आणि पैसे घेतले नाहीत तर गुन्हा होत नाही.

25 वर्षांचं आधी बघू. ज्याने लिहिलंय तो 25 वर्षांत पुस्तकाच्या दुकानात गेलेला नाही, एवढंच यातून कळतं. जयंत पवारांचं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ घ्या, गिरण्या बंद झाल्यावर त्या माणसांचं काय झालं ते असं कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नव्हतं, 2012चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’, 2023चा पुरस्कार, धरणात गाव गेलेली माणसं आणि मागे राहिलेली म्हैस. सुरुवातीला त्या बोलीशी झटापट होते, मग एकदा कान बसला की पुस्तक खाली ठेववत नाही. उलट नंदा खरेंचं ‘उद्या’ मला जड गेलं, माणसं कमी आणि मुद्दे जास्त असं वाटत राहिलं, मधे बरेच दिवस ते तसंच पडून होतं. त्यालाही 2020चा पुरस्कार जाहीर झाला आणि खरेंनी तो घेतला नाही, तो भाग वेगळा. पण मला आवडलं नाही म्हणजे ते लिहिलंच गेलं नाही असं मी म्हणत नाही ना! एक मात्र खरंय, दुकानात दर्शनी फळीवर अजून त्याच जुन्या कादंबऱ्या असतात आणि नवीन पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा पाचशे-हजार प्रतींची निघून कधी गायब होते ते कळतही नाही, त्यामुळे लोकांना ती दिसत नाहीत हे मान्य.

आता ते पीडीएफचं, कारण खरा राग मला त्याचाच आहे.

‘लेखक वारला की पुस्तक समाजाचं’ हे कुठून काढलं? कॉपीराइटचा कायदा 1957चा आहे, आणि आज त्यात स्पष्ट आहे की लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे, किंवा ज्याला दिलेत त्याच्याकडे राहतात, आणि ही 60 वर्षं मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. आधी ती 50 होती, 1992 मध्ये वाढवली. मग करा हिशोब. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांनी हयातीत छापलेलं 2011 पासून सगळ्यांसाठी मोकळं, खुशाल वाटा. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे 2036 संपेपर्यंत थांबा. रणजित देसाई 2052. पुलं गेले 2000 मध्ये, ते 2060 संपल्यावर. वपु 2061, शिवाजी सावंत 2062. मावशीने पाठवलेल्या ढिगात या हिशोबाने हक्क संपलेलं एकही पुस्तक नाही. एकही!

‘पैसे घेतले नाहीत तर गुन्हा नाही’ यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, आणि धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट तसं कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. शिक्षा कमी होऊ शकते, गुन्हा नाहीसा होत नाही. उलट हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय. स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी, परीक्षणासाठी वाजवी वापराची सूट कलम 52 मध्ये आहे हे खरं, पण आख्खी कादंबरी तीन विंगच्या ग्रुपवर टाकणं त्यात कसं बसेल? मावशीला न्यायला कुणी पोलीस येणार नाहीत हे मलाही कळतं, पण म्हणून शिक्षिकेने ‘यात काही चूक नाही’ असं चारचौघांना सांगत सुटायचं का?

आणि ती हयात लेखकांची दोन पुस्तकं. लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, तेही वेळेवर मिळाले तर. पाचशे प्रतींच्या पुस्तकाची पीडीएफ पाच ग्रुपवर फिरली की दुसऱ्या आवृत्तीचं नाव कोण काढेल? सगळ्यात कहर म्हणजे ते स्कॅनिंग. पानाच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, ओळी वाकड्या, आणि प्रत्येक पानावर आडवा शिक्का, ‘सौजन्य: अमुक ग्रुप, कृपया आमचं नाव काढून पुढे पाठवू नये’. म्हणजे लेखकाचा हक्क नाही पण फोटो काढणाऱ्याचा आहे, धन्य!

अडचण आहे ती दुर्मिळ पुस्तकांची. चाळीस वर्षं पुन्हा छापलेलं नाही, प्रकाशक फोन उचलत नाही, अशा पुस्तकाची पीडीएफ कुणी दिली तर माझ्याकडेही पटणारं उत्तर नाहीये. पण ढिगातलं एकही पुस्तक तसलं नाही, सगळी दुकानात मिळतात. आणि फुकटच हवं तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्याच साइटवर आहेत, विश्वकोश आहे, हक्क संपलेली पुस्तकं विकिस्रोतवर आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांना विचारून पुस्तकं देतं. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

ऑडिओबुकवर जास्त बोलायची गरजच नाही. चातुर्मासात पोथी लावायचे तेव्हा एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, आमच्या आजीने आख्खा रामविजय तसा ऐकलाय. तिला कुणी म्हणालं नाही की तुझं हे खरं नव्हे. ठाण्याहून सीएसएमटीला उभ्याने जाणाऱ्या बाईने लोकलमध्ये पुस्तक धरायचं कुठल्या हातात ते आधी सांगा.

ओटीटीचंही तसंच, पडद्यावर बघून लोक पुस्तकाकडेही वळतात. 2013 मध्ये सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा ‘दुनियादारी’ सिनेमा आला तेव्हा माझ्या ओळखीतली पोरं त्यांची पुस्तकं शोधत फिरत होती, कादंबरी 1982ची! सिरीज बघत लोक जागतात हे खरंच, मीही जागते.

राहिली वाचनालयं. भाड्याने पुस्तकं देणारी गल्लीतली छोटी दुकानं बरीच बंद झाली, नाकारत नाही. पण ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे, वि. ल. भाव्यांनी सुरू केलेलं, आणि अजून चालू आहे. घोडबंदरवरून मेट्रोच्या खोदकामातून तिथे पोचेपर्यंत जीव जातो ही तक्रार असेल तर ती रास्त आहे, मी पण करते. मावशीला तेवढंच कळवलंय, पुढच्या वेळी ठाण्याला आलीस की तुला तिथे घेऊन जाते, आणि तोपर्यंत त्या दोन नवीन पुस्तकांच्या फाइली डिलीट कर, हवी असतील तर मी विकत घेऊन देते.