"मिथेन खाऊन कार्बन डायऑक्साइडच सोडतात, मग फायदा काय?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, मिथेन खाणाऱ्या बॅक्टेरियांवरचा माझा लेख वाचून एवढं सविस्तर लिहिलंत, छान वाटलं. तुमचं म्हणणं असं की हे बॅक्टेरिया मिथेन खाऊन शेवटी कार्बन डायऑक्साइडच सोडतात, एक गॅस गेला नि दुसरा आला, आणि शिवाय असे लेख लिहिले की कचरा करणारे निर्धास्त होतात. पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही.

हिशोब बघा ना. १ किलो मिथेन पूर्ण जळालं तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तेच १ किलो मिथेन तसंच हवेत गेलं तर १०० वर्षांच्या हिशोबात साधारण २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढं तापवतं. कुठं २८ नि कुठं पावणेतीन! शिवाय सगळा कार्बन बाहेर पडतच नाही, मिथेनचं आधी मिथेनॉल, मग फॉर्मल्डिहाइड होतं आणि तिथून थोडा कार्बन त्यांच्या शरीरात जातो, उरलेला ऊर्जेसाठी जळतो.

मुळशीकडं भाताच्या खाचरात चिखलात पाय घातला की बुडबुडे येतात, त्यात मिथेन असतं. तिथलंच एक रोप उपटून मुळं धुऊन बघा, तांबूस थर दिसेल. रोप देठातल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत हवा नेतं, ती बाहेर झिरपते नि चिखलातलं लोह तिथं गंजतं. त्याच ऑक्सिजनवर हे बॅक्टेरिया मुळांभोवती जगतात आणि मिथेन वर यायच्या आत बरंचसं संपवतात. आणि त्या मिथेनमधला कार्बन बहुतेक रोपानंच हवेतून घेतलेला, म्हणजे नवीन काही हवेत जात नाही. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या लोकांनी भातखाचरांतून असे बॅक्टेरिया वेगळे काढलेत, त्यातला एक चक्क काकडीच्या आकाराचा आहे, मिथायलोक्युक्युमिस ओरायझी त्याचं नाव, मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं.

दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, बॅक्टेरिया आहेत म्हणून कचऱ्याबद्दल निर्धास्त होऊन चालणार नाही. खाचरातल्या या बॅक्टेरियाला ऑक्सिजन लागतो, कचरा डेपोवर तो मिळतो फक्त वरच्या मातीच्या थरात, आणि ढिगाला भेगा पडल्या की गॅस तिथून सुसाट निघून जातो, खाणाऱ्याला खायला वेळच मिळत नाही. म्हणून फुरसुंगीच्या कचरा डेपोला आपला ओला कचरा पोचूच नये, घरी नाहीतर सोसायटीतच जिरवावा, किंवा बायोगॅस प्लांटला द्यावा, तिथं मिथेन होतं खरं पण ते निदान शेगडीत जळतं.