बैल विकून जू कुणाच्या मानेवर ठेवणार?

आज संध्याकाळी, २०२६ च्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्याच दमात म्हणाले, "पायरेट्सनी स्कीन्सला आत्ताच विकून टाकावं. भाव आहे तोवर. न्यू यॉर्कचे यांकीज पाच-सहा पोरं देतील, तीन वर्षांत टीम उभी राहील." पायरेट्स म्हणजे आमच्या पिट्सबर्गची बेसबॉल टीम आणि स्कीन्स तिचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. भोवतीच्या चौघांनी माना डोलावल्या. सणाचा दिवस, दुसऱ्याचं घर, म्हणून मी गप्प बसले. आता घरी आलेय, साडीसुद्धा बदललेली नाही, बाहेर बर्फ पडतोय आणि मी लिहायला बसलेय.

भाव काय? कांदा आहे का तो?

तेवीस वर्षांचा पोरगा आहे पॉल स्कीन्स. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पायरेट्सनी पहिल्या क्रमांकावर घेतला. २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू. २०२५ मध्ये साय यंग, म्हणजे लीगचा सर्वोत्तम पिचर, आणि तोही एकमतानं. २१६ जणांना स्ट्राइकआउट केलं. नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा दिल्या नाहीत, १.९७. आणि त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव किती? दहा. बेसबॉल न बघणाऱ्यांनीही हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. दोष कुणाचा ते कळायला खेळाचे नियम माहीत असावे लागत नाहीत.

आप्पांना तर नियम अजिबात माहीत नव्हते.

गेल्या वर्षी आप्पा कराडहून आले होते, सहा महिने राहिले. १८ मेचा रविवार. फिलाडेल्फियात मॅच होती, आम्ही दुपारी टीव्हीवर लावली. आप्पा सोफ्यावर मांडी घालून, हातात चहा. स्कीन्स टाकायला आला आणि आप्पांनी त्याचं नाव तिथल्या तिथे 'मिशीवाला' ठेवलं. पहिल्या तीन इनिंग मी समजावून सांगत होते, नंतर तेच मला सांगायला लागले, "आता बाहेर टाकंल बघ." आठ इनिंग त्यानं एकट्यानं टाकल्या. एक धाव दिली. एकच. आणि आपण हरलो, १-०.

मॅच संपली तरी आप्पा टीव्हीकडेच बघत होते. म्हणाले, "नववा डाव कुठाय?" मी सांगितलं, घरची टीम पुढं असली की तिला नवव्यात बॅटिंग करावी लागत नाही, म्हणून त्याचं टाकणं आठातच संपलं. चहा तसाच होता, वर साय धरलेली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आगं, बैल कितीबी तगडा असू दे. जू दोघांचं असतंय. ह्याच्या जोडीला कोण हाय का न्हाई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२५ च्या अख्ख्या सीझनमध्ये पायरेट्सनी ५८३ धावा काढल्या, तीस टीममध्ये सगळ्यात कमी. होमरन, म्हणजे आपले षटकार, ११७, तेही सगळ्यात कमी. अशा औताला जुंपलेला तो पोरगा दर पाचव्या-सहाव्या दिवशी मैदानात उतरायचा, एक शब्द तक्रारीचा न काढता टाकायचा आणि पुन्हा डगआउटमध्ये जाऊन बसायचा. आणि आपली शहाणी माणसं म्हणतात, बैल विका.

विकून काय होतं ते या गावानं बघितलेलं नाही का? २०१८ चा जानेवारी आठवा. पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला गेला. तोही आपला पहिल्या क्रमांकाचाच ड्राफ्ट, २०११ चा. बदल्यात चार जण आले, त्यातला चांगला म्हणजे मस्ग्रोव्ह. मग तोही तीन वर्षांनी सॅन दिएगोला देऊन टाकला आणि तिथे गेल्या गेल्या त्यानं नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट दिली नाही. विकून आणलेलं पुन्हा विकायचं, त्यातून आलेल्याची पुन्हा वाट बघायची. कोल पुढे यांकीजकडून साय यंग जिंकला. आपण काय जिंकलो? २०१८ च्याच जुलैत उलटा सौदा केला, आर्चर या पिचरसाठी ग्लासनाऊ, मेडोज आणि शेन बाझ अशी तीन पोरं देऊन टाकली. अजूनही त्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो. विकायची अक्कल नाही आणि घ्यायचीही नाही, मग सौद्याला बसता कशाला?

हो, मॅककचनच्या बदल्यात रेनल्ड्स मिळाला, ते मान्य. एक.

आणि पाच-सहा पोरांचं म्हणाल, तर वॉशिंग्टननं २०२२ मध्ये ह्वान सोटो हा त्यांचा मोठा बॅटर विकला तेव्हा हेच ऐकलं होतं. बदल्यात आलेली पोरं खरोखर गुणी होती, जेम्स वुड तर मलाही आवडतो. तरी २०२५ मध्ये ती टीम ९६ मॅच हरली. पोरं येतात, त्यातली दोन दुखापतीत जातात, एक खालच्या मायनर लीगमध्येच विरघळतो, एक चांगला निघतो आणि तो चांगला निघाला की पुन्हा कुणीतरी तिळगूळ वाटता वाटता म्हणतं, भाव आहे तोवर विका.

मला मुळात या 'प्रॉस्पेक्ट', म्हणजे पुढे चमकेल अशा पोराच्या, शब्दाचाच राग यायला लागलाय. सोळा वर्षं झाली मला पिट्सबर्गमध्ये. या सोळा वर्षांत तीनदा प्लेऑफ बघितले, २०१३, १४ आणि १५. २०१५ ला ९८ मॅच जिंकून प्लेऑफमधून एकाच संध्याकाळी बाहेर पडलो. त्यानंतर एकदाही नाही. वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली १९७९ मध्ये, माझा जन्मही नव्हता. या सगळ्या काळात दर हिवाळ्यात आम्हाला एकच सांगितलं जातं, खाली पोरं तयार होतायत. खाली म्हणजे ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना, इंडियानापोलिस इथल्या आमच्या मायनर लीगच्या टीम. पोरं तयार होतात, वर येतात, आणि त्यांच्या आजूबाजूला एक धड बॅटर विकत आणायची वेळ आली की मालकांचा हात खिशातच राहतो. मैदानात लोक 'टीम विका' म्हणून ओरडतात ते उगाच नाही. विकायचंच असेल तर ते विका.

पैशाचा खेळ आहे, इथे पगारावर मर्यादा नाही, लॉस एंजेलिसच्या श्रीमंत डॉजर्सच्या पंगतीत आपण बसू शकत नाही, हे मला कळतं. ठीक आहे. पण पंगतीत बसता येत नाही म्हणून घरची चूल विझवायची का?

थोडं पाणी पिऊन आले.

या हिवाळ्यात काही केलंच नाही असं नाही, तेवढं सांगायला हवं. माईक बरोज हा चांगला तरुण पिचर दिला आणि टँपाहून ब्रँडन लाव हा बॅटर आणला. गेल्या सीझनचे ३१ होमरन आहेत त्याचे. दुसरा बॅटर रायन ओहर्न, त्याला दोन वर्षांचे २ कोटी ९० लाख डॉलर दिले. मला बरोजचं वाईट वाटलं, पण सौदा बरोबर आहे. ज्याचं कोठार पिचरनी भरलंय त्यानं पिचर देऊन बॅट आणावी, यात कळण्यासारखं अवघड काय आहे? बबा चँडलर आहे, अ‍ॅशक्राफ्ट आहे, जोन्स दुखापतीतून परत येतोय. टाकणारे आपल्याकडे आहेत. मारणारे नव्हते. लावचा करार एकाच वर्षाचा उरलाय, ही गोष्ट मला खटकते. पण आणला तर खरा.

आणि मुख्य म्हणजे तो पोरगा आहे. कॉनर ग्रिफिन.

ऑगस्ट संपता संपता आप्पांना घेऊन अल्टूनाला गेले होते. दोन तासांचा रस्ता, डोंगर लागतात मध्ये, आप्पा खिडकीतून बघत म्हणाले की हे अगदी कुंभार्ली घाटासारखं आहे. छोटं मैदान, उजव्या बाजूच्या भिंतीमागे लाकडी रोलरकोस्टर. आम्ही लवकर पोचलो होतो. मॅच सुरू व्हायच्या आधी ग्रिफिन शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा राहून नुसते थ्रो करत होता, एकामागून एक. बॉल हातातून सुटल्यावर फर्स्ट बेसच्या ग्लोव्हमध्ये जो आवाज होतो ना, तो आमच्यापर्यंत येत होता. आप्पा कुंपणाला धरून उभे. एकोणीस वर्षांचा मुलगा. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नववा घेतलेला, मिसिसिपीच्या शाळेतून थेट. पहिल्याच सीझनमध्ये ०.३३३ ची सरासरी, २१ होमरन, ६५ बेस चोरले. आप्पांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी दहा मिनिटं बघितलं आणि विचारलं, "मिशीवाल्याची जोडी ही का?"

मी म्हटलं, "हो आप्पा, पण अजून वेळ आहे."

"असू दे की. खोंड हाय. पण हा जुवाखाली येईस्तोवर त्याला कुठं घालवू नगा म्हणावं."

एवढंच मला आज त्या घरात म्हणायचं होतं. स्कीन्स २०२९ पर्यंत आपला आहे. चार सीझन. ग्रिफिन या वर्षी ना पुढच्या वर्षी वर येईल. म्हणजे पिट्सबर्गसारख्या गावाला ही दोघं एका वेळी, एका मैदानात, तीन-साडेतीन वर्षं मिळणार आहेत. असं पुन्हा कधी जुळून येईल? आणि आपण काय करायचं म्हणता, त्यातला एक देऊन अशी पोरं आणायची ज्यांच्याबद्दल चार वर्षांनी कुणीतरी म्हणेल की ती ग्रिफिनसारखी होतील असं वाटलं होतं? या तीन वर्षांत जे काही कोठारात आहे ते ओता. खाली तयार होणारा टर्मार जॉन्सन द्यायचा तर द्या. आणखी दोन पिचर द्या. ग्रिफिनला आत्ताच लांबचा करार द्या, महाग होण्याआधी. पण या दोघांना हात लावू नका.

मान्य, स्कीन्सचा उद्या हात दुखावू शकतो. पिचरचा हात आहे, कोपराचं काय सांगावं. सगळे हेच म्हणून घाबरवतात. मग काय, जे चांगलं आहे ते मोडेल या भीतीनं आधीच देऊन टाकायचं?

आप्पा ऑक्टोबरात परत गेले. सप्टेंबरात आम्ही एकदा प्रत्यक्ष मैदानात गेलो होतो, पण स्कीन्सचा दिवस नव्हता. पिवळ्या क्लेमेंटे पुलावरून चालत गेलो. आप्पांनी पुलाला हे नाव का म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, आपलाच खेळाडू, भूकंप झाला तेव्हा निकाराग्वाला मदत घेऊन निघाला होता, १९७२ च्या शेवटच्या दिवशी, विमान पडलं. आप्पांनी टोपी काढली आणि पूल संपेपर्यंत हातातच धरली. त्यांना आधीपासून एवढंच माहीत होतं की २००८ मध्ये उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकी पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, याच टीमनं घेतली होती. ती मेजर लीगपर्यंत पोचली नाहीत, तरी आप्पांच्या लेखी ही तेव्हापासून आपलीच टीम.

हे लिहिता लिहिता राग बराच उतरला. कराडला आता सकाळ झाली असेल म्हणून मध्येच फोन केला. सगळं सांगितलं, तिळगुळासकट. आप्पा म्हणाले, "विकायचं कोण म्हणालं? त्यानं कधी बैल पाळलाय का?"

मग विचारलं, जोडी लागली का. मी म्हटलं, "अजून नाही आप्पा, पण दोन डावखुरे मारणारे आणलेत."

"बरं झालं. पयली मॅच कधी? हितं पहाट असती ना तुमची संध्याकाळ?"

संध्याकाळी ६.४० ची मॅच म्हणजे त्यांच्याकडे पहाटेचे ४.१०. म्हणाले, त्या वेळी उठतोच मी, गोठ्यात जायचं असतं. फोन तिथंच खुंटीला लावून बघीन.