आठवण ढकलायची नाही, बघायची

माइंडफुलनेसमुळे, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडं शांतपणे लक्ष द्यायच्या सरावामुळे, परदेशात शिकणारी मुलं लवकर रुळतात असं एका लेखात वाचलं, ते मला पटलं, कारण घरातच बघितलंय. माझा धाकटा कोल्हापुरातनं जर्मनीला मास्टर्सला गेला, पहिले दोन महिने खुशीत होता, मग डिसेंबरात साडेचारलाच अंधार, रविवारी दुकानं बंद, बोलायला कोण नाही. रोज संध्याकाळी रंकाळा तलावावर मित्रांच्यात बसणारं पोरगं ते, फोनवर नुसतं 'बरं हाय' म्हणायचं आणि मला आवाजावरनंच कळायचं. एकदा फोडणीच्या धुरानं हॉस्टेलचा फायर अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग थंडीत खाली उभी, तेव्हापासनं त्यानं स्वयंपाकच सोडला, ब्रेडवर राहायला लागला.

मग त्यानं युनिव्हर्सिटीत माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कोर्स केला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सुरू केलेली ही पद्धत, मूळ बौद्ध ध्यान आणि योगातलंच. ताट धुताना पाणी हाताला कसं लागतंय तेवढंच बघायचं, घरची आठवण आली तर ढकलायची नाही, 'आठवण आलीय' असं मनात म्हणायचं. झोप लागायला लागली त्याला, खरंच.

पण व्हिसा, घरभाडं, भाषा ह्या अडचणी डोळे मिटून सुटत नाहीत, ते त्या लेखात यायला पाहिजे होतं. माझ्या पोराला भाषेच्या क्लासनं आणि रूममेटनं तेवढाच आधार दिला. परवा व्हिडिओ कॉलवर कांदा चिरत होता, खिडकी सताड उघडी, आणि फोडणी टाकल्या टाकल्या पातेल्यावर झाकण.